मोबाइलवर भाषा येते का?

पुण्यात जर्मन किंवा जपानी शिकणारा माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. कुणी तिकडच्या नोकरीसाठी शिकतं, कुणी शिक्षणासाठी, कुणी निव्वळ हौसेनं. २०२४ साली महाराष्ट्र शासनानं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यानंतर जर्मन शिकण्याची चर्चा पुण्या-मुंबईबाहेरही पोचली. यातले बरेच जण क्लासच्या आधी किंवा क्लासच्या जोडीला मोबाइलवरचं एखादं ॲप वापरतात, आणि काही महिन्यांनी त्यांचा प्रश्न ठरलेला असतो : "रोज ॲप करतो, लेव्हल वाढतेय. पण समोरचा दोन वाक्यं बोलला की तोंडातून शब्द का फुटत नाही?"

याचं कारण असं, की 'भाषा येणं' हे एक काम नव्हे. शब्द लक्षात राहणं, कानावर पडलेलं कळणं, वाचता येणं आणि बोलता येणं ही चार वेगळी कामं आहेत. एखादं साधन यातलं एखादंच काम चांगलं करतं. या प्रकरणात ही कामं एकेक करून पाहू. नमुन्याला जर्मन घेतली आहे, पण रीत कुठल्याही भाषेला लागू पडेल.

१. ओळखणं वेगळं, आठवणं वेगळं

पडद्यावर टेबलाचं चित्र येतं, खाली चार शब्द. तुम्ही 'टिश'वर बोट ठेवता, हिरवा रंग उमटतो, गुण वाढतात. या सगळ्यात तुम्ही काय केलंत? समोर असलेलं बरोबर उत्तर ओळखलंत. बोलताना मात्र समोर चार पर्याय नसतात. शब्द आतून काढावा लागतो. शेजारणीच्या दारातली ठिपक्यांची रांगोळी चुकली की ती आपल्याला लगेच कळते, पण नुसते ठिपके देऊन तीच रांगोळी काढायला सांगितली की हात अडतो. ॲपवरचा बराचसा सराव रांगोळी ओळखण्याचा असतो.

ॲपवाले पर्याय का देतात? पर्याय तपासणं संगणकाला अगदी सोपं असतं. शिवाय उत्तरं बरोबर येत राहिली की शिकणारा खूश राहतो आणि उद्या परत येतो. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या लुईस फॉन आन आणि सेव्हरिन हॅकर यांनी काढलेलं ड्युओलिंगो २०१२ साली सर्वांसाठी खुलं झालं. त्यातला सलग दिवसांचा आकडा लोक जिवापाड जपतात. सवय लागण्यासाठी तो उपयोगी आहेच, पण तो तुमची हजेरी मोजतो. किती आलं ते मोजत नाही.

आठवण्याच्या कष्टाला किती किंमत आहे, हे अमेरिकेतल्या हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांच्या २००६ मधल्या प्रयोगातून दिसतं. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. मग काहींनी तो पुन्हा वाचला, तर काहींनी न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते : त्यांना ८१ टक्के आठवलं, लिहून काढणाऱ्यांना ७५ टक्के. एका आठवड्यानं चित्र उलटलं. वाचणारे ४२ टक्क्यांवर आले, आठवून लिहिणारे ५६ टक्क्यांवर राहिले. म्हणजे जो सराव करताना सोपा वाटतो, तो टिकतोच असं नाही.

यावरचा उपाय साधा आहे. पर्याय हातानं झाका, उत्तर मोठ्यानं म्हणा, मगच हात काढा. ॲपमध्ये टाइप करून उत्तर देण्याची सोय असेल तर तीच वापरा. आणि जर्मनवरून मराठी ओळखण्यापेक्षा मराठीवरून जर्मन आठवण्याचा सराव जास्त करा.

२. विसरण्यालाही वेळापत्रक असतं

आज आठवलेला शब्द पंधरा दिवसांनी आठवेल का? जर्मन मानसशास्त्रज्ञ हेरमान एबिंगहाउस यांनी या प्रश्नासाठी स्वतःवरच प्रयोग केले. अर्थहीन अक्षरांच्या माळा पाठ करायच्या आणि किती वेळात किती विसरलं ते मोजायचं. १८८५ साली त्यांनी निष्कर्ष छापले. विसरण्याचा वेग सुरुवातीला, पहिल्या काही तासांत आणि दिवसांत, सर्वांत जास्त असतो. नंतर तो मंदावतो. एका बैठकीत घोकंपट्टी करण्यापेक्षा तीच उजळणी दिवसांवर विभागली तर कमी कष्टात काम होतं.

म्हणून युक्ती अशी : शब्द निसटायच्या बेतात असताना तो पुन्हा आठवायचा आणि दर वेळी मधलं अंतर वाढवत न्यायचं. १९७०च्या दशकात जर्मन पत्रकार सेबास्टियन लाइटनर यांनी यासाठी कप्प्यांचा डबा लोकप्रिय केला. शब्द आठवला की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, विसरला की थेट पहिल्या कप्प्यात. पुढचे कप्पे उशिरा उघडायचे. पोलंडच्या पिओतर वोझ्नियाक यांनी १९८७ मध्ये हे काम संगणकावर आणलं. डेमियन एल्म्स यांनी २००६ मध्ये काढलेलं 'अंकी' आज याच तत्त्वावर चालतं. संगणकावर आणि अँड्रॉइड फोनवर ते फुकट मिळतं.

हिशेब करून पाहू. समजा, एक शब्द शिकल्यानंतर १, ३, ७, १५ आणि ३० दिवसांनी पुन्हा समोर येतो. तुम्ही रोज १० नवे शब्द घेता. महिन्याभरानं रोज १० नव्या आणि ५० जुन्या, अशा ६० चिठ्ठ्या येतील. एका चिठ्ठीला १० सेकंद धरले तर ६०० सेकंद, म्हणजे १० मिनिटं. सहा महिन्यांत साधारण १,८०० शब्द होतात. उत्साहाच्या भरात रोज ३० नवे शब्द घेतले तर महिन्याभरात रोजचा अर्धा तास याच कामात जाईल, आणि विसरलेल्या शब्दांची भर वेगळी. चार दिवस खाडा झाला तर १० शब्दांच्या हिशेबानंही २०० चिठ्ठ्या साचतात. म्हणून सुरुवात कमीपासून करा.

चिठ्ठीवर काय लिहिता तेही महत्त्वाचं. जर्मन नामांना तीन लिंगं आहेत : डेर, डी, डास. तो-ती-ते बोलत वाढलेल्या मराठी माणसाला ही कल्पना परकी नाही. हिंदी किंवा इंग्रजीकडून जर्मनकडे जाणाऱ्याला नपुंसकलिंगाची अशी सवय नसते. पण मराठीचं लिंग तिकडे नेता येत नाही. 'मूल' आपल्याकडेही नपुंसकलिंगी आणि जर्मन 'डास किंट'ही, इथपर्यंत जुळलं. मात्र आपला तो सूर्य जर्मनमध्ये 'डी झोने', म्हणजे ती, आणि आपलं ते टेबल 'डेर टिश', म्हणजे तो. तेव्हा चिठ्ठीवर नुसतं 'टिश' लिहू नका, 'डेर टिश' लिहा. जमलं तर एक छोटं वाक्य आणि त्याचा आवाजही जोडा.

३. कान तयार करणं

लिहिलेला शब्द येतो, पण वेगानं कानावर पडला तर कळत नाही, हा अनुभव सार्वत्रिक आहे. या बाबतीत इंटरनेटनं खरोखर क्रांती केली. पूर्वी परभाषेचा आवाज ऐकायला कॅसेट किंवा तिथला माणूस लागायचा. आता फोर्व्हो या संकेतस्थळावर सुटा शब्द त्या भाषेच्या माणसाच्या तोंडून ऐकता येतो. डॉइच वेले ही जर्मन प्रसारण संस्था हळू वाचलेल्या बातम्या देते आणि 'निकोस वेग' नावाची व्हिडिओ मालिकाही. जर्मन न येणारा एक तरुण जर्मनीत येतो, अशी ती गोष्ट आहे. मालिका फुकट आहे आणि 'ए-१'पासून 'बी-१'पर्यंत जाते. ('ए-१' ते 'सी-२' या युरोपात ठरलेल्या सहा पायऱ्या आहेत, 'ए-१' सर्वांत खालची.) जपानी शिकणाऱ्यांना एनएचके वर्ल्डचे सोप्या जपानीचे धडे मिळतात.

पण नुसतं ऐकत राहिल्यानं कान तयार होत नाही. एक मिनिटाचा तुकडा घ्या आणि तो तीन वेळा ऐका. पहिल्यांदा मजकूर न बघता : काय कळलं? दुसऱ्यांदा मजकूर समोर ठेवून : कोणता ओळखीचा शब्द कानानं सोडला? तिसऱ्यांदा पुन्हा न बघता. दुसऱ्या वेळी सापडलेले शब्दच तुमच्या कामाचे. पडद्यावर इंग्रजी उपशीर्षकं लावून सिनेमा पाहिला तर करमणूक होते, पण डोळे इंग्रजी वाचत असतात आणि कानाला सुट्टी मिळते. उपशीर्षकं लावायचीच तर जर्मन लावा.

उच्चार देवनागरीत लिहून ठेवायची सवयही जपून वापरा. काही ध्वनींना आपली लिपी छान साथ देते. रोमन लिपीतलं 'झेड' अक्षर जर्मनमध्ये मराठीतल्या 'चांगला'मधल्या 'च'सारखं उच्चारतात. 'चार'मधला 'च' तिथे चालत नाही. आपल्याला हे दोन्ही 'च' घरचेच आहेत. पण दोन टिंबांच्या 'यू'ला मराठीत अक्षरच नाही. तिथे ओठ 'ऊ'चे करून 'ई' म्हणायचं असतं. तो 'यु' किंवा 'उ' असा लिहून ठेवला तर चूक कायमची बसते. अशा ध्वनींसाठी आवाज ऐका, स्वतःचा आवाज फोनवर रेकॉर्ड करा आणि दोन्ही पाठोपाठ वाजवा. आपला आवाज ऐकायला संकोच वाटतो, पण फरक तिथेच कळतो.

४. वाचन, कोश आणि भाषांतराचं यंत्र

वाचायला काय घ्यावं? शब्दसंपदेचे अभ्यासक पॉल नेशन यांच्या मते, मदतीशिवाय नीट समजून वाचायचं तर मजकुरातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे हवेत. म्हणजे २०० शब्दांच्या पानात चार अनोळखी शब्द चालतील. वीस असतील तर ते वाचन उरत नाही, शब्दकोशाचं काम होऊन बसतं. म्हणून पान उघडल्यावर आधी अनोळखी शब्द मोजा आणि मग पुस्तक ठरवा.

मराठी शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्यांसाठी याची सोय प्रथम बुक्सच्या स्टोरीविव्हरवर आहे. २०१५ पासून तिथे अनेक भाषांतली बालपुस्तकं चार पातळ्यांत विभागून ठेवलेली आहेत. पहिल्या पातळीत पानाला एखाद-दुसरं वाक्य, चौथीत सलग गोष्ट. मराठी आणि कोंकणी दोन्ही तिथे सापडतात. शब्दांसाठी शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संग्रहात मोल्सवर्थचा १८५७चा कोश शोधता येतो, आणि फलटणला राहून काम केलेल्या मॅक्सीन बर्नसन यांचा शिकणाऱ्यांसाठीचा मराठी-इंग्रजी कोशही. नवशिक्यानं आधी बर्नसनकडे जावं. मोल्सवर्थ अफाट आहे, पण त्यातले बरेच शब्द आज कुणी वापरत नाही. माहितीपर मराठी वाचायची तर मराठी विश्वकोश पूर्ण ऑनलाइन आहे.

भाषांतराची यंत्रं आणि गप्पा मारणारे एआय यांचा मोह सर्वांत मोठा असतो. ती वापरावीत, पण त्यांची घसरण्याची ठिकाणं माहीत असावीत. मराठी आणि जर्मन अशा जोडीचा थेट मजकूर इंटरनेटवर थोडा असल्यामुळे भाषांतर पुष्कळदा इंग्रजीच्या वाटेनं होतं. इंग्रजीत गेल्यावर 'तू' आणि 'तुम्ही' यांतला फरक पुसला जातो. मित्राला लिहिलेलं 'तू कुठे राहतोस?' जर्मनमध्ये परक्या माणसाला विचारल्यासारखं होऊ शकतं, किंवा साहेबांना विचारलेलं अरेतुरेत उतरू शकतं. उलट दिशेनं येताना 'मी जाते' असं हवं तिथे 'मी जातो' मिळतं, कारण इंग्रजी वाक्यात बोलणारी बाई आहे की पुरुष, याची खूणच नसते.

आणखी एक. एआय चुकतं तेव्हा अडखळत नाही. चूकही सफाईदार वाक्यात येते. म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी स्वतः वाक्य लिहा, मग यंत्राला 'यात काय चुकलं आणि का?' असं विचारा. शंका आली तर कोश किंवा व्याकरणाचं पुस्तक बघा. यंत्रानंच वाक्य लिहून दिलं, तर पहिल्या भागातलं आठवण्याचं काम पुन्हा टळतं.

५. उत्तर देणारा माणूस

आता बोलण्याकडे येऊ. कॅनडात इंग्रजी घरांतली मुलं फ्रेंच माध्यमाच्या वर्गांत वर्षानुवर्षं शिकत होती. त्यांना ऐकून आणि वाचून उत्तम कळायचं, पण बोलण्या-लिहिण्यात व्याकरण कच्चं राहिलं होतं. १९८५ मध्ये मेरिल स्वेन यांनी यावरून मुद्दा मांडला, की समजून घेणं पुरत नाही. स्वतः वाक्य रचायला लागल्यावरच आपल्याला नेमकं काय येत नाही ते कळतं. ऐकताना अर्थाचा अंदाज बांधून निभावता येतं. बोलताना प्रत्यय निवडावाच लागतो.

मग पडद्यापुढे बसून बोलणं येणारच नाही का? लहान मुलांवरचे दोन प्रयोग शेजारी ठेवले की उत्तर दिसतं. २००३ मध्ये पॅट्रिशिया कूल यांच्या गटानं अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना मँडरिन चिनी ऐकवली. काही बाळांसमोर प्रत्यक्ष माणूस खेळत, गोष्ट सांगत बोलत होता. काहींना तेच बोलणं व्हिडिओवर दाखवलं. प्रत्यक्ष माणसाकडून ऐकलेल्या बाळांना चिनी ध्वनींमधला फरक कळू लागला. व्हिडिओवाल्यांना त्यातलं काहीच आलं नाही. दोष पडद्याचा, असा निष्कर्ष काढायला हरकत नव्हती. पण २०१४ मध्ये सारा रोझबेरी आणि सहकाऱ्यांनी दोन-अडीच वर्षांच्या मुलांना नवी क्रियापदं शिकवली : काहींना समोरासमोर, काहींना व्हिडिओ कॉलवर, काहींना रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओवरून. व्हिडिओ कॉलवरची मुलं समोरासमोर शिकणाऱ्यांसारखीच शिकली, रेकॉर्डिंगवाली शिकली नाहीत.

दोन्ही ठिकाणी पडदा होता. फरक एवढाच, की व्हिडिओ कॉलवरची व्यक्ती मुलानं जे केलं त्याला त्याच क्षणी उत्तर देत होती. न्यू जर्सीतल्या नातवासाठी मराठी कार्टून लावण्यापेक्षा साताऱ्याच्या आजीचा कॉल भाषेला जास्त उपयोगी का, हे यातून कळतं. मात्र कॉलवर आजीनं एकटीनंच बोलत राहू नये. 'आज डब्यात काय नेलंस? ते कसं करतात ते मला सांग बघू,' असं विचारून नातवाला बोलतं करावं.

मोठ्यांनाही हेच लागू करून पाहता येतं. एआयशी बोलण्याचा सराव उपयोगी आहे. तो थकत नाही, हसत नाही, रात्री अकरालाही हजर असतो. पण तो तुमचं अर्धवट वाक्य समजून घेतो आणि संभाषण पुढे नेतो. माणूस भुवया उंचावतो, 'काय?' म्हणतो, मध्येच तोडतो, विषय बदलतो. त्या धक्क्यांची सवय माणसाशी बोलूनच होते. आठवड्यातून एकदा का होईना, शिकणाऱ्या मित्राशी किंवा शिक्षकाशी बोलण्याची वेळ ठरवून ठेवा.

परीक्षेची निवडही इथे विचारात घ्या. जपानीच्या जेएलपीटी परीक्षेत एन-५ ते एन-१ अशा पातळ्या आहेत, पण बोलण्याची परीक्षा नाही. उत्तरं पर्यायांतून निवडायची असतात. नुसत्या चिठ्ठ्यांवर आणि वाचनावर तिथे बरंच पुढे जाता येतं आणि तरी तोंड बंद राहू शकतं. ग्योथे संस्थेच्या जर्मन परीक्षांत वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चारही भाग असतात, त्यामुळे तयारीतच बोलावं लागतं. जपानी शिकत असाल तर ही उणीव तुम्हाला स्वतःहून भरून काढावी लागेल.

६. शिकवणाऱ्यांसाठी

शिक्षकाच्या हातातला सर्वांत महाग माल म्हणजे वर्गातला वेळ. जे काम फोन करू शकतो ते फोनकडे सोपवा : शब्दांची उजळणी, उच्चार ऐकणं, धडा आधी पाहून येणं. वर्ग बोलण्यासाठी मोकळा ठेवा.

व्हॉट्सॲपवर प्रत्येकानं तीस सेकंदांचा आवाज पाठवायचा, एवढा गृहपाठसुद्धा पुष्कळ काम करतो. सगळ्या चुका सांगत बसू नका. प्रत्येकाची एकच चूक निवडा आणि पुढच्या वेळी तीच तपासा.

मराठी शाळेत वर्गात एकच फोन असला तरी निभतं. बालभारतीच्या पुस्तकांतल्या क्यूआर कोडवरून दीक्षावरचं साहित्य उघडतं. स्टोरीविव्हरवरची गोष्ट आधी उतरवून घेतली तर वर्गात नेट लागत नाही. गोष्ट वाचून दाखवा, मुलांना आपल्या शब्दांत सांगू द्या आणि ते रेकॉर्ड करून त्यांनाच ऐकवा. तिथला परवाना पुस्तकं बदलायला आणि छापायला मुभा देतो, त्यामुळे गावच्या बोलीतली आवृत्तीही मुलांकडून करून घेता येते. मुलांची बोली अहिराणी किंवा गोंडी असेल तर प्रमाण मराठीकडे जाणारी ही चांगली पायरी आहे.

७. आठवड्याचा आराखडा

रोज पाऊण तास मिळतो असं धरू. दहा मिनिटं अंकीच्या चिठ्ठ्या. पंधरा मिनिटं एक मिनिटाचा तुकडा तीनदा ऐकणं आणि मोठ्यानं म्हणणं. वीस मिनिटं एक दिवस वाचन, एक दिवस लेखन, असं आलटून पालटून. आठवड्यातून एकदा अर्धा तास माणसाशी बोलणं. हे रविवारी ठेवलं तर चुकत नाही. आवडीचं ॲप हवं असेल तर बसमध्ये वापरा, पण या पाऊण तासात त्याला धरू नका.

महिन्यातून एकदा स्वतःची तपासणी करा. 'मी काल काय केलं' या विषयावर न थांबता दोन मिनिटं बोला, रेकॉर्ड करा आणि मागच्या महिन्याच्या रेकॉर्डिंगशेजारी ठेवून ऐका. शब्द सापडत नसतील तर चिठ्ठ्यांचा वेळ वाढवा. शब्द आहेत पण वाक्य जुळत नसेल तर लेखन वाढवा. एकट्यानं बोलताना सगळं नीट येतं आणि माणसासमोर मात्र गाडी अडते, असं असेल तर पुढच्या महिन्यात नवं ॲप शोधू नका. ऐकण्या-वाचण्यातला एकेक तुकडा कमी करून रविवारच्या जोडीला बुधवारीही कुणाशी तरी बोला.